मंदगतीचे निदान : घरातील संगणक-जाळे आणि सर्व्हर

घरातील संगणक-जाळ्याविषयीच्या तक्रारी बहुधा एकाच शब्दात मांडल्या जातात : 'स्लो' आहे. हा शब्द सोयीचा असला, तरी निदानाच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. 'बरे वाटत नाही' एवढेच सांगणाऱ्या रुग्णाच्या हाती तत्काळ औषधाची पुडी ठेवणाऱ्या वैद्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु हा शब्द कानावर पडताच अधिक वेगाची जोडणी घेण्याचा सल्ला देणारे जाणकार मात्र सर्वत्र आढळतात. त्या सल्ल्यापायी अनेक कुटुंबे दरमहा अधिक पैसे मोजतात आणि पूर्वीचाच मनस्ताप पुन्हा विकत घेतात. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली. शाळेचा वर्ग, कचेरीचे टेबल आणि डॉक्टरांचा सल्ला ही सारीच तेव्हा घरातल्या एका लहानशा राउटरच्या आश्रयाला आली. तेव्हापासून हा प्रश्न केवळ हौशी मंडळींपुरता उरलेला नाही.

निदानाची पद्धत समजून घेण्यासाठी एक घर कल्पावे. दिवाणखान्यात दाराजवळच्या भिंतीवर राउटर टांगलेला आहे, कारण बाहेरून येणारी काचतंतूंची तार तेथूनच आत शिरते. त्याखालच्या पुस्तकांच्या कपाटात एक छोटा संगणक अहोरात्र चालू असतो. कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रांच्या प्रती आणि चित्रफिती त्यात साठविलेल्या आहेत. मागणी येताच तो त्या पुरवितो, म्हणून त्याला सर्व्हर म्हणावयाचे. आतल्या खोलीतील टेबलावरचा संगणक भिंतीच्या कडेने नेलेल्या केबलने राउटरला जोडलेला आहे. लॅपटॉप व फोन वाय-फायवर चालतात. या घरात तीन तक्रारी आहेत. आजोबा लॅपटॉपवरून सर्व्हर उघडतात तेव्हा दहा सेकंद काहीच घडत नाही, आणि मग मात्र सारे सुरळीत चालते. आतल्या खोलीतील संगणकावर सर्व्हर चटकन उघडतो, पण चित्रफितींची नक्कल करावयास घेतली की ती संपता संपत नाही. नातीचा वर्ग रोज संध्याकाळी सातनंतर अडखळू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी परगावी शिकणाऱ्या तिच्या भावाला घरचा सर्व्हर दुरून उघडता येत नाही. तक्रार मात्र सर्वांची एकच : 'स्लो' आहे.

वस्तुतः या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्याच्या अनुभवावरून त्या सहज उमगतील. पहिला पोहरा वर यावयास किती वेळ लागतो, हे विहिरीच्या खोलीवर अवलंबून असते. एका खेपेत किती पाणी वर येते, हे पोहऱ्याच्या आकारावर ठरते. जाळ्याच्या परिभाषेत पहिल्या गोष्टीस विलंब आणि दुसरीस वहनक्षमता म्हणता येईल. विलंब मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. वहनक्षमता दर सेकंदाला जाणाऱ्या मेगाबिटांत. पोहरा दुप्पट मोठा केला म्हणून विहीर उथळ होत नाही, हे सांगावयास कोणा शास्त्रज्ञाची गरज नाही. तरीही अधिक मेगाबिटांची जोडणी घेऊन विलंब बरा करण्याचा प्रयत्न घरोघरी चालतो.

येथे आणखी एक साधी बाब ध्यानात ठेवावयास हवी. आतल्या खोलीतील संगणक कपाटातल्या सर्व्हरशी बोलतो, तेव्हा ते बोलणे घराबाहेर जातच नाही. ते राउटरपर्यंत जाते आणि तेथूनच सर्व्हरकडे वळते. मग बाहेरची जोडणी ५० मेगाबिटांची असो वा ५०० मेगाबिटांची, या प्रवासाशी तिचा संबंध पोहोचत नाही. वरील तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन घरातल्या घरात उद्भवलेल्या आहेत, हे एवढ्यावरूनच स्पष्ट होते.

निदानाचे पहिले साधन अगदी लहान आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या मेरीलँडमधील क्षेपणशास्त्र प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मस यांना जाळ्यातील एक विचित्र दोष शोधावयाचा होता. त्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याला 'पिंग' असे नाव दिले. पाणबुडीचा वेध घेण्यासाठी पाण्यात सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी जसा परत येतो, तसाच हा प्रकार आहे. दुसऱ्या संगणकाकडे एक लहानसे पॅकेट पाठवावयाचे, त्याने ते परत करावयाचे आणि मध्ये गेलेला वेळ मोजावयाचा. घरात केबलने जोडलेल्या दोन संगणकांत हा वेळ साधारणतः एका मिलिसेकंदाच्या आत असतो. वाय-फायवर तो काही मिलिसेकंदांचा भरतो आणि थोडा वरखाली होत राहतो. निदान करणाऱ्याने प्रथम राउटरला, नंतर सर्व्हरला त्याच्या अंकी पत्त्याने आणि मग त्याच सर्व्हरला नावाने हाक मारावी. दोष वाटेच्या कोणत्या तुकड्यात आहे, हे या तीन हाकांनीच पुष्कळसे कळून येते. हाकांचे उत्तर वेळेवर येत असेल, तर वाट निर्दोष समजून दारापाशी शोध घ्यावा.

आजोबांच्या लॅपटॉपची स्थिती नेमकी हीच आहे. अंकी पत्त्याने मारलेल्या हाकेला तीन मिलिसेकंदांत उत्तर येते, पण त्याच पत्त्याने सर्व्हर उघडू गेल्यास दहा सेकंद थांबावे लागते. याचा उलगडा नावांच्या व्यवस्थेत सापडतो. माणसाला नावे लक्षात राहतात, संगणकाला अंक लागतात. या दोहोंची सांगड घालणारी जगभर विखुरलेली नोंदवही पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली. तिला डीएनएस म्हणतात. नावावरून अंक शोधण्यासाठी जशी ती वापरतात, तशीच अंकावरून नाव शोधण्यासाठीही वापरता येते. काही सर्व्हर पाहुण्याला आत घेण्यापूर्वी त्याच्या अंकावरून त्याचे नाव विचारून घेतात. पिंगला उत्तर देण्यासाठी अशा चौकशीची गरज पडत नाही. म्हणून हाकेला ओ तत्काळ मिळते आणि दार मात्र उघडत नाही.

पण ही चौकशी करावयाची कोणाकडे? १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते १९९६ च्या नियमानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. एकच पत्ता लक्षावधी घरांत असू शकतो, त्यामुळे त्याचा मालक कोण, हे बाहेरच्या नोंदवहीला ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही. 'ठाऊक नाही' एवढे उत्तर लगेच आले असते, तरी काम भागले असते. या घराने मात्र मागल्या वर्षी जोडणी पुरविणारी कंपनी बदलली, आणि जुन्या कंपनीच्या नोंदवहीचा पत्ता सर्व्हरमध्ये तसाच लिहिलेला राहिला. ती नोंदवही आता या घराच्या प्रश्नांना उत्तरच देत नाही. अशा वेळी लिनक्स प्रणालीचा संगणक रूढ व्यवस्थेनुसार पाच सेकंद वाट पाहतो, एकवार पुन्हा विचारतो, आणखी पाच सेकंद थांबतो आणि मग नाद सोडतो. आजोबांचे दहा सेकंद ते हेच. यावर उपाय एका ओळीचा आहे : जुना पत्ता काढून त्या जागी राउटरचा पत्ता लिहावा. त्याबरोबरच घरातील यंत्रांची नावे व अंक सर्व्हरच्या स्वतःच्या यादीत नोंदविले, तर या चौकशीसाठी कोणाच्या दारी जाण्याची गरजच उरत नाही.

विलंब किती सेकंदांचा आहे, ही गोष्ट म्हणूनच फार बोलकी असते. एकाआड एक दिवस येणारा एकांतरा ताप आणि रोज संध्याकाळी चढणारा ताप यांत जुने वैद्य फरक करीत, कारण तापाच्या वेळेवरून त्याचे कूळ ओळखता येई. जाळ्यातही असेच घडते. पाच किंवा पाचाच्या पटीतील सेकंदांचा विलंब दिसला, की नावांच्या व्यवस्थेकडे संशयाने पाहावे. विलंब एक, तीन किंवा सात सेकंदांचा असेल, तर जोडणीची पहिली मागणीच वाटेत हरवत असावी. कारण उत्तर न मिळाल्यास आजचे बहुतेक संगणक ती मागणी एका सेकंदाने पुन्हा पाठवितात, त्यानंतर आणखी दोन आणि मग आणखी चार सेकंद थांबतात. हातात घड्याळ नसलेल्या माणसाला हे सारे विलंब सारखेच भासतात.

दुसरी तक्रार नकलेची. येथे प्रथम एक नेहमीचा गैरसमज दूर करावा लागतो. केबलचा वेग मेगाबिटांत सांगतात, संगणक मात्र नकलेचा वेग मेगाबाइटांत दाखवितो. आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. १०० मेगाबिटांच्या केबलमधून सेकंदाला साडेबारा मेगाबाइटांहून अधिक जाऊच शकत नाही. वाटखर्च वजा जाता हाती सुमारे अकरा पडतात. आतल्या खोलीतील संगणकावर अकराचाच आकडा दिसतो. हा संगणक, राउटर व सर्व्हर मात्र तिन्ही गिगाबिटचे, म्हणजे याच्या दहापट वेगाचे आहेत. तेव्हा अकरा हा आकडा पाहताच काय बिघडले असावे, याचा अंदाज बांधता येतो.

जाळ्याच्या साध्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोन पिळून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. १०० मेगाबिटांचे काम दोन जोड्यांवर भागते. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या तांब्याच्या गिगाबिट पद्धतीस मात्र चारही जोड्या लागतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तार तुटली, तर दोन्ही टोकांची यंत्रे बहुधा निमूटपणे खालच्या वेगावर तडजोड करतात. कसलीही सूचना उमटत नाही, दिवा जळत राहतो, सर्व्हरही उघडतो. पलंगाच्या पायाखाली चेपलेली, दाराच्या फटीत रोज चिरडली जाणारी किंवा उंदराने कुरतडलेली केबल अशा रीतीने वर्षानुवर्षे अर्धवट काम करीत राहते. संगणकाच्या जाळ्याविषयीच्या पानावर जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तेथे १००० ऐवजी १०० दिसले, तर दुसरी चांगली केबल तात्पुरती जमिनीवरून टाकून पाहावी. वेग सुधारला, की रोग सापडला.

अधूनमधून तुटणारी केबल शोधणे याहून कठीण. मस यांना युसेनिक्स संस्थेच्या एका परिषदेत एका जाळे-व्यवस्थापकाची हकिकत ऐकावयास मिळाली होती. त्याने पिंगचे उत्तर आवाजात रूपांतरित करण्याची युक्ती केली, आवाज मोठा केला आणि तो इमारतभर प्रत्येक जोड हलवीत फिरला. संगणक दर सेकंदाला 'पिंग, पिंग' असे ओरडत होता. ज्या जोडापाशी ते ओरडणे थांबले, तेथे दोष होता. इतक्या सरळ उपायाला अडाणीपणा समजण्याचे कारण नाही.

पिंगवर सर्वस्वी विसंबून मात्र चालत नाही. जुन्या यंत्रांत कधी कधी केबलच्या एका टोकाने दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलण्याचे ठरविलेले असते आणि दुसरे टोक आळीपाळीने बोलत असते. अशा वेळी पिंगचे चिमुकले पॅकेट सहीसलामत जाऊन येते, पण मोठी नक्कल सुरू होताच टकरी होऊन तिचा वेग कोसळतो. दोन्ही टोके 'आपोआप' या व्यवस्थेवर ठेवणे हाच त्यावर उपाय. याशिवाय एक मोठी चित्रफीत आणि दहा हजार लहान छायाचित्रे यांचा एकूण आकार सारखा असला, तरी त्यांची नक्कल सारख्या वेळात होत नाही. प्रत्येक छायाचित्रासाठी पाच वेळा विचारपूस होते आणि दर खेपेस दोन मिलिसेकंद जातात असे धरले, तर दहा हजार छायाचित्रांमागे १०० सेकंद निव्वळ विचारपुशीतच जातात. पोहरा कितीही मोठा असला, तरी प्रत्येक वेळी तो विहिरीत सोडावाच लागतो.

वाय-फायची कहाणी थोडी निराळी आहे, कारण तेथे सर्वांना एकाच हवेत बोलावयाचे असते आणि एका वेळी एकालाच बोलता येते. सिमेंटच्या दोन-तीन भिंतींपलीकडे ठेवलेला एखादा जुना फोन तेच वाक्य फार सावकाश उच्चारतो आणि तेवढा वेळ बाकीचे मूग गिळून बसतात. २००३ मध्ये हॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, त्या काळच्या ११ मेगाबिटांच्या वाय-फायवर एक जरी यंत्र एका मेगाबिटाने बोलू लागले, तरी जवळ बसलेल्या वेगवान यंत्रांच्या वाट्यालाही एका मेगाबिटाहून कमीच येते. तेव्हा लॅपटॉप मंद झाला, तर तपासणी त्या दूरच्या फोनपासून सुरू करणे योग्य ठरेल. राउटर दारापाशीच असला पाहिजे असा काही नियम नाही. एक लांब केबल टाकून तो घराच्या मध्यभागी आणता येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच आहेत, १, ६ व ११, आणि दाटीवाटीच्या इमारतीत ते शेजाऱ्यांनी आधीच व्यापलेले असतात. म्हणून शक्य तेथे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा.

तिसरी तक्रार सर्वांत फसवी आहे. रोगाचे ठिकाण दिसत नाही आणि वेळ मात्र ठरलेली. संध्याकाळी सातनंतर राउटरला मारलेल्या हाकेचे उत्तर लगेच येते. घराबाहेरील एखाद्या संगणकाला मारलेली हाक, जी सकाळी वीस मिलिसेकंदांत परत येत असे, ती आता नऊशे मिलिसेकंदांनी परतते. सातच्या सुमारास घरातील मंडळी कामावरून परततात आणि त्यांचे फोन दिवसभरात टिपलेली छायाचित्रे व चित्रफिती कोणालाही न विचारता बाहेरच्या साठ्याकडे पाठवू लागतात. या जोडणीची बाहेर जाण्याची क्षमता १० मेगाबिटांची आहे. राउटरच्या रांगेत १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट माल खोळंबला असेल, तर नव्याने आलेल्या पॅकेटाला आठ दशांश सेकंद रांगेत उभे राहणे भाग पडते. मुलीचा आवाज वाहून नेणारे पॅकेट कितीही चिमुकले असो, त्यालाही चित्रफितींच्या मागेच उभे राहावे लागते. भावाला सर्व्हरकडून जाणारे उत्तरही त्याच रांगेत अडकते.

या रांगेचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून अवघ्या ४०० यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांमधील संपर्काचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. जोडणी तुटली नव्हती. प्रत्येक संगणक हरवलेला माल अधिकाधिक जोराने पुन्हा पाठवीत होता आणि त्या गर्दीतच सारे गुदमरले होते. व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्यासह यावर जो उपाय योजला, तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक संगणकाने आपला वेग हळूहळू वाढवीत न्यावा आणि पॅकेट हरवले, की वाट भरली असे समजून वेग कमी करावा, हे त्याचे सार. आजचे बहुतेक दळणवळण याच शिस्तीच्या कमीअधिक सुधारलेल्या रूपांवर चालते.

पुढे स्मरणशक्तीच्या चकत्या स्वस्त झाल्या आणि राउटर बनविणाऱ्यांनी पॅकेट हरवू नये, या सद्धेतूने रांगेची जागा वाढवीत नेली. हेच अंगलट आले. पॅकेट हरवले नाही, तर वाट भरल्याची खूण पाठविणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तो वेग वाढवीतच राहतो आणि रांग कायमची तुडुंब भरलेली राहते. २०१० मध्ये बेल प्रयोगशाळेत काम करणारे जिम गेटिस हे घरून मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील सर्व्हरवर मोठ्या प्रमाणात फाइली पाठवीत होते. त्या वेळी घरचे सारे जाळे कोलमडते, हे त्यांच्या ध्यानी आले. एरवी सुमारे दहा मिलिसेकंदांच्या असलेल्या वाटेवर विलंब एका सेकंदाच्याही वर गेलेला त्यांनी मोजला. ज्यांनी जगभर वापरली जाणारी एक्स विंडो प्रणाली घडविण्यात भाग घेतला, त्यांनाही स्वतःच्या घरातील मंदगतीचे कारण शोधावयास बरेच कष्ट पडले, ही गोष्ट सामान्य गृहस्थाला धीर देणारी आहे. या विकाराला 'बफरब्लोट' असे नाव मिळाले. पॅकेटांनी फुगलेली रांग, असा त्याचा भाव.

कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये सुचविलेला उपाय रांगेची लांबी पाहत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ उभे होते, ते पाहतो. पाच मिलिसेकंदांहून अधिक मुक्काम सतत होऊ लागला, की तो एखादे पॅकेट मुद्दाम टाकून देतो आणि पाठविणाऱ्यास वेळीच इशारा मिळतो. याच्याच जोडीला प्रत्येक संभाषणासाठी वेगळी रांग धरण्याची पद्धत आली आणि या संयुक्त पद्धतीचे वर्णन २०१८ मध्ये इंटरनेटच्या नियमावलीत प्रसिद्ध झाले. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या राउटरांत ती उपलब्ध आहे. विकतच्या काही राउटरांत ती निरनिराळ्या नावांनी दिलेली आढळते. मात्र बाहेर जाणाऱ्या वेगाची मर्यादा प्रत्यक्ष क्षमतेहून थोडी कमी, म्हणजे १० मेगाबिटांच्या जोडणीवर सुमारे ९, अशी ठेवावी लागते. तसे न केल्यास रांग आपल्या राउटरमध्ये न धरता पुढच्या यंत्रात धरली जाते, आणि तेथे आपली शिस्त चालत नाही. राउटरमध्ये अशी सोय नसेल, तर फोनांची पाठवणी रात्री अकरानंतर होईल अशी व्यवस्था करावी. अधिक वेगाची जोडणी घेतल्याने रांग थोडी लवकर सरकेल खरी, पण तिचे भरणे थांबणार नाही.

हे सारे करूनही एखादा फोन कपाटातील सर्व्हरशी रडतखडतच बोलत असेल, तर तो कोणत्या वाटेने बोलतो, हे पाहावे. घरगुती सर्व्हर बनविणाऱ्या काही कंपन्या बाहेरून संपर्क साधण्यासाठी स्वतःची मध्यस्थ सेवा पुरवितात आणि फोनवरील त्यांचा कार्यक्रम घरात असतानाही कधी कधी तीच वाट धरतो. मग दहा फुटांवरचे छायाचित्र राउटरमधून बाहेर पडते, दूरच्या शहरातील यंत्राला वळसा घालते आणि पुन्हा त्याच राउटरमधून आत येते. फोनवर व्हीपीएन चालू राहिल्यानेही असाच द्राविडी प्राणायाम घडतो. बाहेरची तार राउटरमधून क्षणभर काढून ठेवावी आणि छायाचित्र उघडून पाहावे. तार काढल्यावर ते उघडेनासे झाले, तर वाट घराबाहेरून जात होती, असे निश्चित समजावे. आणि त्या फोनवर सर्व्हरचा घरातील अंकी पत्ता लिहून ठेवावा.